गप्पा नव्हत्या, काम होतं

"अजून खाली," सर कानाशी म्हणाले.

मी कमरेतून वाकले होते. दोन्ही हातांनी मिठाईचा डबा पुढे धरला होता. समोर मिलिंदच्या कंपनीतला विभागप्रमुख उभा. मला फक्त त्याच्या बुटांची टोकं दिसत होती. मी अजून खाली वाकले. पाठीत कळ आली. मग पाठ केलेलं जपानी वाक्य बोलले. माझ्या नवऱ्याने तब्येतीची काळजी घेतली नाही, त्यामुळे तुम्हा सगळ्यांना त्रास झाला, आम्हाला क्षमा करा.

त्या वेळी माझा नवरा नागोयाच्या हॉस्पिटलात पडला होता. मेंदूत रक्तस्राव. उजवी बाजू लुळी. तोंडातून शब्द नाही. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती त्याने. आणि मी त्याच्या आजारपणाची माफी मागत होते.

विभागप्रमुखाने डबा घेतला. सरांशी काहीतरी बोलला. दोघे हसले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"तुमचे उच्चार छान आहेत म्हणाले."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? तेवढ्या भीतीत कुणीतरी शाबासकी दिली म्हणून बरं वाटलं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सर म्हणजे आमच्या इथल्या मराठी मंडळींचे सर. कॉलेजात शिकवत नाहीत, पण सगळे सरच म्हणतात. पुण्याचे. जपानात त्यांचे केस पिकले. त्यांची माणसं पुरवायची छोटी कंपनी आहे. भारतातून इंजिनियर आणायचे आणि इथल्या कंपन्यांना द्यायचे. मिलिंदलाही त्यांनीच आणलं. घर बघून देणं, मुलांना शाळेत घालणं, कचरा कसा वेगळा करायचा ते शिकवणं, सगळं सरच करतात. त्यामुळे त्यांचा शब्द कुणी मोडत नाही. आमचा तर दगडाखाली हात होता.

पहिल्या वर्षी गणपतीला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी मिलिंदला आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग मला माहेरचं आडनाव विचारलं. आपल्याकडे हे प्रश्न याच क्रमाने का येतात ते आमच्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. उत्तर मिळालं तसे सर हसून म्हणाले, "अरे वा! म्हणजे तुमच्यातली माणसंही आता थेट जपानपर्यंत." बाकीचेही हसले. मिलिंदही हसला. मी प्रसादाच्या ताटलीकडे बघत राहिले.

माझे वडील नांदेडला तहसील कचेरीत शिपाई होते. साहेबाशी बोलताना आवाज चढवायचा नाही, हे त्यांनी आम्हाला हाताला धरून शिकवलं. त्यांची चूक नव्हती. त्यांना नोकरी टिकवायची होती. पण खिडकीपलीकडे माणूस बसलेला दिसला की माझा आवाज अजून आपोआप खाली जातो. जपानात तर खिडकीपलीकडचा माणूस गोड हसतो आणि तो काय म्हणतो ते कळत नाही. ती भीती आणखी वेगळी.

मिलिंदचं काम काय होतं ते सांगते. त्याशिवाय पुढचं कळणार नाही. गाड्यांच्या आत जे सॉफ्टवेअर असतं ते त्याची कंपनी बनवते. मागणी इथल्या गिऱ्हाइकाची, बनवणारी टीम पुण्यात. मधे पूल म्हणून मिलिंद. दिवसभर ऑफिसात जपानी माणसांचं ऐकायचं. घरी आला की पुण्याच्या टीमला कामाला लावायचं. इथे रात्र झाली तरी पुण्यात संध्याकाळच असते. त्यामुळे जेवण होतं न होतं तोच फोन सुरू. ताट बाजूला सारायचं, लॅपटॉप उघडायचा. टीम लीड निखिल, तोही मराठी. म्हणून बोलणं सगळं मराठीत. आमची सान्वी तिसरीत आहे. बाबाचा फोन सुरू असला की ती टीव्हीचा आवाज स्वतःहून बंद करायची. आमच्याकडे रोजचं होतं ते. शनिवारीही आणि रविवारीही.

मी म्हणायचे, "अरे, किती?"

तो म्हणायचा, "एवढं रिलीज जाऊ दे."

रिलीज गेलं की पुढचं रिलीज. एका सकाळी ऑफिसला जाताना तो सबवेच्या फलाटावर कोसळला.

दुसऱ्याच दिवशी सर हॉस्पिटलात आले. मला धीर दिला आणि मिलिंदचा लॅपटॉप मागितला. "कंपनीची वस्तू आहे, वहिनी. परत गेलेली बरी." मी दिला. पुढे म्हणाले, "माणूस आजारी पडला की इथे घरचे ऑफिसात जाऊन माफी मागतात. तशी रीतच आहे. मी येतो बरोबर. नाव राहतं." वाक्यही त्यांनीच लिहून दिलं. तब्येतीची काळजी घेतली नाही, हे कशाला म्हणायचं, असं मी विचारलं होतं. "फॉर्मॅलिटी हो! इथे असंच बोलतात."

हॉस्पिटलात ओगावा-सान नावाची समाजसेविका होती. पेशंटच्या घरच्यांना सरकारी मदतीची वाट दाखवणं हे तिचं काम. ती माझ्याशी सोपं जपानी बोलायची, हळूहळू, लहान मुलाशी बोलावं तसं. तिने विचारलं, घरी आल्यावर मिलिंद काय करायचे? मी सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, हा रोसाई असू शकतो.

रोसाई म्हणजे कामामुळे आलेल्या आजाराचा, अपघाताचा सरकारी विमा. उपचार, पगाराचा मोठा भाग, पुढे कायमचं अपंगत्व राहिलं तर पेन्शन. परदेशी माणसालाही मिळतो. अर्ज कंपनीने नाही, माणसाने स्वतः करायचा असतो. आणि एकदा मंजूर झाला की त्या आजारासाठी सुट्टीवर असताना कंपनी माणसाला काढू शकत नाही. हे शेवटचं ऐकलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कारण नोकरी गेली तर मिलिंदचा व्हिसा जाणार. माझा आणि सान्वीचा व्हिसा त्याच्या शेपटाला बांधलेला. तोंडातून आत्ता कुठे 'पा…पाणी' असं निघायला लागलेल्या माणसाला विमानात घालून कुठे नेऊ? नांदेडला? बोलायला शिकवणारी थेरपिस्ट तिथे कुठून आणू?

मी अर्ज केला. कंपनीने शिक्का मारला नाही. ओगावा-सान म्हणाली, शिक्क्याशिवायही घेतात. घेतला. तेव्हापासून माझ्या घरात भीती राहायला आली. पत्रपेटीचं झाकण वाजलं की अंगावर काटा. अनोळखी नंबर आला की फोन उशीखाली सरकवायचे. पाकीट आलं की सान्वी म्हणायची, "मामा, योमोका?" आई, वाचून दाखवू का? मी पाकीट हिसकावून घ्यायचे. बाप का पडला हे त्या पोरीने सरकारी भाषेत वाचावं, असं मला वाटत नव्हतं.

कामगार कार्यालयाचा निकाल आला. नामंजूर. ऑफिसच्या दरवाज्यावरच्या नोंदीत पुरेसा जादा वेळ दिसत नाही. घरच्या फोनबद्दल कंपनीचं म्हणणं असं होतं, की कर्मचारी रात्री आपल्या मायबोलीत आपल्या देशातल्या मित्रांशी बोलत असे.

मित्रांशी. मायबोलीत. म्हणजे जपानीत बोलला असता तर काम. मराठीत बोलला म्हणून गप्पा.

मी निखिलला फोन लावला. म्हटलं, दोन ओळी लिहून दे. त्याने पलीकडे दार लावलं. मग म्हणाला, "वहिनी, माझंही घर आहे. लोन आहे. प्लीज." मी फोन ठेवला. त्याच्यावर रागवायला अंगात जोर नव्हता. लॅपटॉप मी स्वतःच्या हाताने देऊन बसले होते. आता साक्षीदार एकच उरला होता, मी.

ओगावा-सानने समजावलं. इथे थांबायचं नसतं. आधी मोठ्या खात्यात एक अपील अधिकारी असतो, त्याच्याकडे जायचं. तो नाही म्हणाला तर टोकियोत तिघांचं मंडळ बसतं, तिथे जायचं. तेही नाही म्हणालं तर कोर्ट. प्रत्येक पायरीला मुदत असते. मुदत चुकली की दार बंद. मी मान डोलावत होते. मला त्या पायऱ्या चढायच्या नव्हत्या. मला कुणाच्याही समोर उभं राहायचं नव्हतं.

सरांना कुठून कळलं देव जाणे. घरी आले. मिलिंद तेव्हा घरी आला होता, चाकाच्या खुर्चीत. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याशी बोलले. जणू तो तिथे नव्हताच.

"वहिनी, आता पुरे. आपण इथे पाहुणे आहोत. उद्या कंपनी म्हणेल, मराठी माणसं नकोत. किती पोरांचं नुकसान?"

मी चहाचं आधण ठेवलं.

"राग मानू नका, पण तुमच्यात हे लवकर येतं. हक्क, अर्ज, मोर्चा. आमच्याकडे माणूस आधी काम करतो."

मिलिंदच्या घशातून आवाज निघाला. शब्द नव्हता, नुसता आवाज. त्याचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटत होता. सर म्हणाले, "बघा, त्रास होतोय त्याला." मग चहा घेतला. जाताना म्हणाले, अपीलच करायचं असेल तर एकट्या जाऊ नका, भाषा येत नाही, मी दुभाष्या म्हणून येतो. आणि मी, एवढं ऐकूनही, बरं म्हटलं. भीती माणसाला कुठवर नेते ते यावरून समजा. मला त्यांचा राग आला होता, पण जपानी अधिकाऱ्यासमोर एकटीने बसण्याची भीती त्याहून मोठी होती.

अपील अधिकाऱ्याची खोली लहान होती. तो पन्नाशीतला, सौम्य माणूस. सरांनी ओळख करून दिली, कुटुंबाचा हितचिंतक. त्याने मान झुकवली. कंपनीला माणसं हेच पुरवतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं कुणी? मी?

त्याने पहिलाच प्रश्न विचारला आणि सरांनी तो मराठीत मला दिला. "तुम्ही कंपनीत जाऊन माफी मागितली होती का? नवऱ्याने तब्येतीची काळजी घेतली नाही, असं म्हणाला होतात का?"

मिठाईचा डबा, ते वाक्य, सगळं कंपनीने त्यांच्या म्हणण्यात लिहून दिलं होतं. पत्नीने स्वतः येऊन कबूल केलं, की आजार निष्काळजीपणामुळे झाला. म्हणजे रीत म्हणून मला वाकवलं त्याचा कबुलीजबाब झाला होता. आणि वाकवणारा माझ्या शेजारी बसून मलाच विचारत होता.

मी मराठीत सांगायला लागले. हे सरांनीच सांगितलं होतं, वाक्य त्यांनीच लिहून दिलं, मी रीत समजून गेले. बरंच बोलले. सरांनी त्याचं जपानी केलं. दोन वाक्यांत संपलं.

मला जपानी येत नाही असं सर धरून चालले होते. वाचता येत नव्हतंच. पण मिलिंद पडल्यापासून मी डबे भरायच्या कारखान्यात जात होते. पट्ट्यावर जेवणाचे डबे सरकत येतात, प्रत्येकात एकेक पदार्थ ठेवायचा. तिथे दिवसभर जपानी बायकांची बडबड कानावर पडते. लहान वाक्यं कळायला लागली होती. माझ्या एवढ्या बोलण्यातून 'सर' हा माणूस नाहीसा झालाय, हे मला कळलं.

अधिकाऱ्याने रात्रीच्या फोनबद्दल विचारलं. मी म्हटलं, "रोज पुण्याच्या टीमशी बोलायचा. ऑफिसचंच काम."

सर जपानीत बोलू लागले. त्यात एक शब्द आला. तोमोदाची.

मित्र. सान्वी बालवाडीत गेली तेव्हा आमच्या घरात आलेला पहिला जपानी शब्द. तो मला झोपेतही कळला असता.

कुंपणच शेत खात होतं आणि शेताने ते शेजारी बसून बघायचं होतं. मला अजूनही सांगता येत नाही माझं तोंड कसं उघडलं. आवाज फाटका आला.

"चिगाइमास," मी म्हणाले. चूक आहे.

अधिकाऱ्याने वर बघितलं. सर हसून मला म्हणाले, "वहिनी, मी सांगतोय ना."

"तोमोदाची नाही. शिगोतो." मित्र नाही, काम. माझं जपानी तेवढंच होतं. मी पुन्हा म्हणाले. "शिगोतो. शिगोतो." मग सरांकडे बोट केलं. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या मोठ्या माणसाकडे बोट केलं. "हा माणूस, कंपनी. माझा नाही. दुसरा माणूस द्या."

सरांचा चेहरा लाल झाला. ते मराठीत म्हणाले, अगदी हळू, "फार महागात पडेल तुला." वहिनी गेलं, तुम्ही गेलं, उरलं ते तू. मला वाटलं, चला, एकदाचं खरं नातं बाहेर आलं.

त्या दिवसाची बैठक थांबली. पुढची झाली तेव्हा खात्याने दुसरा दुभाष्या दिला, पण त्याला हिंदी येत होती, मराठी नाही. मी हिंदीत अडखळत बोलले. माफी आणि मित्र, दोन्ही गोष्टी कंपनीच्या कागदावर होत्या. माझ्याकडे नुसते माझे शब्द. अपील नामंजूर झालं.

मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून आम्हाला काढलं. ज्यांच्या घरी पुरणपोळ्या लाटल्या त्या बायका सुपरमार्केटात मला बघून दुसऱ्या रांगेत जायला लागल्या. व्हिसाची मुदत जवळ येत होती. सुट्टी संपली की नोकरी जाणार, असं कंपनीचं पत्र आलं. त्या दिवसांत मी भात लावायचे आणि कुकरची शिट्टी झाली की दचकायचे. मला परत जायचं होतं. खरंच जायचं होतं. ओगावा-सानला तसं म्हणालेही.

ती म्हणाली, "माफी मागायची रीत खरी आहे. मीसुद्धा सुट्टी घेतली की मागते. पण ती रीत आहे, तो पुरावा नाही. हे टोकियोत कुणीतरी म्हणायला हवं."

कुणीतरी म्हणजे कोण, ते तिने सांगितलं नाही.

तिने एक वकीलबाई गाठून दिल्या. त्यांनी माझ्यासाठी मराठी दुभाषी शोधली, योकोहामात संशोधन करणारी कोल्हापूरची बाई. मी तिला आडनाव विचारलं नाही, तिने मला विचारलं नाही. मी एकच अट घातली. "ताई, मी जेवढं बोलेन तेवढंच. माझं वाईट दिसत असेल तरी तसंच सांगा."

"शब्द न् शब्द," ती म्हणाली.

टोकियोची खोली मोठी होती. समोर मंडळाचे तिघे. एका बाजूला कामगार कार्यालयाची माणसं. कामगारांच्या बाजूने मत देणारा एक, मालकांच्या बाजूने देणारा एक. सगळे शांत, सगळ्यांसमोर आमच्या घराची जाडजूड फाइल. पाणी प्यायला भांडं उचललं तर ते दातांवर वाजलं.

मधल्या बाईंनी विचारलं, तुम्ही इंजिनियर नाही, मग ते फोन कामाचेच होते हे तुम्हाला कसं कळत होतं?

प्रश्न सरळ होता. खवचट नव्हता. मी मराठीत बोलायला लागले.

"मी स्वयंपाकघरात असायचे. तो टेबलाशी. मला ऐकू यायचं ते सांगते. 'निखिल, बिल्ड परत पडलाय, कुणी हात लावला?' 'झोपू नकोस, क्लायंट सकाळी नऊला बसतोय.' 'ब्रेकचं टेस्टिंग अर्धंच झालंय, असं कसं पाठवू?' 'सॉरी म्हणू नकोस, दुरुस्त कर.' हे रोज. मित्राशी माणूस असं बोलतो का? मित्राला आई कशी आहे विचारतो. जेवलास का विचारतो. माझ्या नवऱ्याने निखिलला कधी विचारलं नाही, जेवलास का. स्वतःही जेवायचा नाही."

कोल्हापूरची बाई एकेक वाक्य जपानीत ठेवत गेली. ब्रेकच्या वाक्याला उजवीकडच्या माणसाने मान वर केली आणि काहीतरी लिहिलं. आमच्या स्वयंपाकघरातली मराठी जपान सरकारच्या नोंदीत जात होती.

मग मी माफीचं बोलले. "हो, मी माफी मागितली. मला ती मागायला नेलं होतं. नेणारा माणूस कंपनीला माणसं पुरवतो. मी घाबरले होते. घाबरलेल्या बाईच्या माफीवरून मेंदूतली नस का फुटली ते ठरवता येत असेल, तर डॉक्टर कशाला ठेवले आहेत?"

दुभाषी थांबली. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तसंच सांगा."

तिने तसंच सांगितलं.

मालकांच्या बाजूचा माणूस म्हणाला, फोनची नोंद नाही, त्यामुळे धरता येणार नाही. कामगारांच्या बाजूचा म्हणाला, नोंद ठेवायचं काम कंपनीचं होतं, बायकोचं नव्हे. मग मधल्या बाईंनी आभार मानले आणि खुर्च्या सरकल्या. निकाल पत्राने येणार.

अजून आलेला नाही. व्हिसाला थोडी मुदत मिळाली आहे, तीही संपेल. परवा टोकियोतल्या फुनाबोरीहून एका बाईचा फोन आला. ओळख ना पाळख. तिचा नवराही सरांनीच आणलेला, तोही रोज रात्री पुण्याशी बोलतो. आता त्याच्या छातीत दुखतं. सर म्हणाले, इथे असल्या गोष्टी बोलायच्या नसतात. ती रडत होती. मला विचारत होती, तुम्हाला भीती नाही का वाटत?

वाटते. आत्ताही वाटतेय. पण तिला मी जे सांगितलं तेच सगळ्यांना सांगणार आहे. सरांनी आणलेल्या एकेका घरी जाऊन सांगणार आहे. माणूस पडायची वाट बघू नका. आज डॉक्टरकडे न्या, उद्या कामगार कार्यालयात जा, आणि मधे कुठल्याही सरांना घेऊ नका. निकाल आमच्या विरुद्ध आला तर मी कोर्टात जाणार. तिथे सरांना साक्षीला बोलवा म्हणणार. आणि ते जे बोलतील त्याचं भाषांतर या वेळी मी तपासणार.